विषय: पुन्हा त्या नऊ पेट्या!

खजिनदार:
मंडळी, शिकागोच्या आपल्या मराठी मंडळाच्या जुन्या पेट्यांचं शनिवारपर्यंत बघा. बेसमेंटचा पाणी उपसायचा पंप पुन्हा बंद पडला, खालच्या दोन पेट्या ओल्या झाल्यात. सोमवारपासून लोक घर बघायला येणार आहेत. नऊ पेट्या आणि ती पत्र्याची ट्रंक. मागच्यासारखं "पाडवा होऊ दे" चालणार नाही. स्टोरेजचं भाडं मंडळाच्या खात्यातून निघणार नाही, ते सभेत ठरलंय.

ग्रंथालयवाले काका (नेपरव्हिल):
सभेत ठरलं नव्हतं. "पुढच्या सभेत ठरवू" एवढंच ठरलं होतं, मी हजर होतो. ओल्या पेट्यांत सभेच्या वह्या असतील तर पानं सुटी करून पंख्याखाली पसरा. हेअर ड्रायर लावू नका, शाई फुटते.
गेली चार वर्षं सांगतोय, एकदा रॉक आयलंडला जाऊन या. ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन सेंटर आहे, १९८१ पासून, स्वीडनहून इथे आलेल्यांच्या इतिहासाचं संशोधन केंद्र. इथल्या स्वीडिश चर्चची दप्तरं त्यांनी मायक्रोफिल्मवर घेतली आहेत. कोण कुठल्या गावाहून आला, कुणाचं बारसं झालं, कोण गेलं, सगळं सापडतं. आपल्याकडे पहिल्या गणपतीची वर्गणी कुणी दिली ते सांगता येतं का?

ताई, शॉमबर्ग:
काका, पेट्या शनिवारी हलवायच्यात आणि तुम्ही पावणेतीन तास गाडी हाकून दुसऱ्यांची दप्तरं बघायला निघालात! एवढं लांब कशाला? शाळेच्या मुलांना आम्ही शिकागोतच क्लार्क स्ट्रीटवरच्या स्वीडिश म्युझियममध्ये नेलं होतं. तिसरा मजला मुलांचाच आहे, बोटीत चढायचं, पलीकडे उतरून शेत कसायचं. आमच्या धाकट्याने विचारलं, "आई, तू कुठल्या बोटीने आलीस?" म्हटलं, मधल्या सीटवर बसून आले बाबा, पायाशी लोणच्याची बरणी.

माजी अध्यक्ष:
स्वीडिश लोकांचा कित्ता नकोच. १९०० च्या सुमाराला स्टॉकहोमखालोखाल सर्वांत जास्त स्वीडिश माणसं शिकागोत होती म्हणतात. आज अँडरसनव्हिलमध्ये, त्यांच्या जुन्या वस्तीत, स्वीडिश बोलणारं कोण भेटतं? जूनमध्ये तिथल्या मिडसोमरफेस्टला, म्हणजे उन्हाळ्याच्या जत्रेला जा, बिअर आणि बँड. डोक्यावर फुलांचा मुकुट घालून फिरणाऱ्यांतले निम्मे लोक कुठले ते त्यांनाही ठाऊक नसेल. आपलंही तेच होणार, गणपतीत ढोल तेवढे उरतील.

काका:
अध्यक्षसाहेब, त्यांनी भाषा हौसेने टाकली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांवरचा राग सगळ्याच परक्या भाषांवर निघाला. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढलं: शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच. आयोवा म्हणजे रॉक आयलंडहून मिसिसिपी नदी ओलांडली की आलंच. मग १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने नवीन माणसं येणंही आटलं. घरात आजी स्वीडिश, नातू इंग्रजी, आणि चर्चमधलं प्रवचनही हळूहळू इंग्रजीत.
आता आपलं ऐका. पेटी क्रमांक चारमध्ये सभेच्या वह्या आहेत, झकास मराठीत, दोन सचिवांचं अक्षर तर मोत्यासारखं. मधेच एका वर्षापासून सगळं इंग्रजी. का? नव्या सचिवांच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचा शिवाजी फाँट नव्हता! आपल्याला कुठल्या गव्हर्नरने अडवलं होतं?

माजी अध्यक्ष:
ते सचिव मीच होतो. फाँट होता, प्रिंटर छापत नव्हता.

मालवणची मावशी (ऑरोरा):
स्वीडिश म्हटलं की मला लुटफिस्क आठवतो. आमच्या जुन्या शेजारणीने डिसेंबरात चर्चच्या जेवणाला नेलं होतं. सुकवलेला कॉड क्षाराच्या पाण्यात फुगवतात, मग धुऊन धुऊन शिजवतात. ताटात नुसता थुलथुलतो, वर पांढरा सॉस. मी विचारलं, आवडतो तुला? म्हणाली, छे, पण नाही खाल्ला तर ख्रिसमस झाल्यासारखं वाटत नाही. आणि आपल्याकडे मी सुकटीचं नाव काढलं की हॉलच्या वासाचं कारण सांगतात.

ताई, शॉमबर्ग:
मावशी, वास तुमच्या सुकटीचा नव्हता, हॉलवाल्यांनी फोडणीवरून तक्रार केली होती. कोजागिरीला आणा सुकट, बघते कोण बोलतं ते.

खजिनदार:
लुटफिस्क राहू द्या हो. गाडी कुणाची? जागा कुणाची?

नवीन सभासद, ब्लूमिंग्टन:
नमस्कार, मिनीव्हॅन आहे. मागच्या सीट काढल्या तर सहा पेट्या मावतील. जागा मात्र नाही, अपार्टमेंट आहे.

ताई, शॉमबर्ग:
मार्चपर्यंत आमच्या गराजमध्ये चार ठेवा. "ह्यांना" अजून सांगितलेलं नाही.

काका:
वह्यांची पेटी माझ्याकडेच येईल, ती मी लावलेली आहे. आणि ट्रंक माझ्या गैरहजेरीत उघडू नये. त्या स्वीडिश लोकांनीही येताना पेटाऱ्यावर नाव-गाव रंगवून आणलं होतं, म्युझियमात पाहिलेत ना? तशीच आहे ती, झाकणावर पांढऱ्या रंगात "मिरज ते शिकागो". किल्ली माझ्याकडे आहे.

खजिनदार:
काका, ट्रंकेचं कुलूप कधीच तुटलंय. आत मखराच्या पट्ट्या आणि पडद्याची दोरी आहे. शनिवारी दहाला या, हातमोजे घेऊन.