बैठ्या कामाचे तास कशावर ठरतात?

प्रश्न: बँकेच्या काउंटरवर मी सकाळी दहाला बसतो तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठत नाही; हा माझा आळस समजावा की कामाची रचनाच तशी आहे?

उत्तर १: रचनेचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बसून असणाऱ्या चालकांमध्ये जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक आढळला.

उत्तर २: मात्र पुढे मॉरिस यांनीच या चालक-वाहकांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर मुळातच अधिक रुंद दिसली, म्हणून सारा दोष खुर्चीला देणे मला पटत नाही.

उत्तर ३: समोर रांग असताना उठायला मन धजत नाही, हे मी अनुभवले आहे. साहेबांनी आलटूनपालटून पाच मिनिटांची मोकळीक दिली, तेव्हाच आम्ही उठू लागलो.