अनुभव धागा: आईची पेटी, आईचा सूर

नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. 2 तारखेला कबरी फुलांनी, मेणबत्त्यांनी भरतात आणि 22 ला संत सिसिलियाचा सण येतो, संगीतकारांची आश्रयदाती. चर्चमध्ये पेटी वाजवणारी, गाणारी, गायला शिकवणारी आई, आजी, मावशी तुमच्याकडेही असेल तर लिहा. ‘फार प्रेमळ होत्या’ एवढ्यावर भागवू नका. काय वाजवायच्या, कोणावर खेकसायच्या, तेही येऊ द्या. सुरुवात मीच करते.

आमची वसईत केळीची वाडी. आई पहाटे घड उतरवून घ्यायची आणि सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पायपेटीवर हजर. केळीचा चीक साबणाला दाद देत नाही, म्हणून आधी बोटांना खोबरेल चोळायची. तरी पांढऱ्या पट्ट्यांवर तपकिरी ठसे राहिलेच. ती वाढली लॅटिन मिस्सा ऐकत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सुधारणांसाठी भरलेल्या बिशपांच्या सभेनंतर, साठच्या दशकात उपासना मराठीत येऊ लागली आणि नवी गीतं बसवायचं काम तिच्या पिढीवर पडलं. पाश्चात्त्य नोटेशन तिला येत नव्हतं. वहीत गीताची ओळ, खाली सारेगम, आणि समासात ‘काळी दोन. पुरुषांना झेपत नाही’ असे शेरे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी ग्लोरिया, म्हणजे मिस्सातलं स्तुतिगीत, झालं की पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीच्या ग्लोरियापर्यंत पेटी बंद. नुसती गाण्याला साथ करायची मुभा असते, पण आई जुन्या वळणाची. झाकणाला कुलूप, किल्ली कनवटीला. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बिनसाथीचं गाणं कडव्यागणिक उतरत जायचं आणि ती मागे वळून डोळे वटारायची.

मडगावहून
आईकडे व्हायोलिन आलं आजोबांकडून. ते चर्चचे मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, घोटून घेत. दो रे मी वाचता आल्याशिवाय वाद्याला हात नाही. आई दाराआड बसून शिकली, आणि पुढे मेच्या महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे मरियेची गायची प्रार्थना, असली की दुसरा आवाज तीच धरायची. चालीचा आवाज कोणीही वाजवेल, म्हणायची, खालचा धरून दाखवा. ईस्टरआधीच्या उपासकाळातले लॅटिन मोतेत (अनेक आवाजांतली भक्तिगीतं) तोंडपाठ. अर्थ विचारला की तो पाद्रीला विचार म्हणायची! संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आम्ही पेंगायला लागलो की व्हायोलिनच्या गजाचं टोक बरगडीत. तेर्स संपला की ओळीने ‘बेसांव दी, माय’, म्हणजे आई, आशीर्वाद दे.

गिरगावातून
मी कॅथलिक नाही. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आंटी होत्या, मला पेटी त्यांनीच शिकवली. रविवारी शिकवणी नाही, बाकी रोज; फी म्हणून कधी ओले बोंबील चालत. गणपतीत आरतीला पेटी त्यांचीच, पण वाजवायला मला बसवायच्या आणि स्वतः दारात उभ्या राहून चुका मोजायच्या.

श्रीरामपूर तालुक्यातून
तुमचं सगळं पेटी-व्हायोलिन. आमच्या आईची ढोलकी! हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते, तिथं बायांची भजनी मंडळी घेऊन जायची. ओवी, भजन, टाळ, सगळं आपल्याच मातीतलं. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं 1616 साली छापलेलं ख्रिस्तपुराणही ओवीतच, तेव्हा यात नवल काही नाही. पण बाईनं ढोलकी वाजवलेली गावातल्या थोरांना खपेना. ‘मरियेसाठी वाजवते, तुमच्यासाठी नाही,’ एवढं बोलून ती ढोलकीच्या दोऱ्या ताणायला बसायची. ऊस खुरपून आलेले हात, थाप अशी पडायची की लाउडस्पीकर नको.

वसईहून, आणखी एक
थोडं कडू लिहितो. माझ्या आईनं आयुष्यभर गायनमंडळ सांभाळलं, आणि एका वर्षी तिला न सांगता तयार ठेक्यांचा कीबोर्ड आणला गेला. कुठे ते लिहीत नाही. मिस्सा म्हणजे वरात नव्हे, एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सरावाला गेली, कारण अल्टोच्या (बायकांतल्या खालच्या आवाजाच्या) पोरी तिच्याशिवाय येत नव्हत्या. आम्हा भावंडांना तिचा रागही होता. नाताळच्या आधीचे पंधरा दिवस घरात स्वयंपाक बाबांचा, आणि बाबांना फक्त खिचडी यायची.

पुन्हा गिरगावातून
श्रीरामपूरकर, पुढच्या सप्टेंबरात तुमची मंडळी हरेगावला असेल तर कळवा. पेटी मी आणतो. आंटींचीच आहे, भाता नुकताच बदललाय.