कॅम्पिंगसाठी सोलर: कॅरिअरवर एक पॅनल की घडीचे दोन?

हिवाळ्यात भंडारदऱ्याला गाडीशेजारी तंबू टाकून दोन रात्री राहतो. लोड म्हणजे १२ व्होल्टचा ४५ वॅटचा फ्रीज, एलईडी दिवे, मोबाईल. दिवसाला साधारण ६०० वॅट-अवर. घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी नेऊन पाहिली. उचलताना कंबर मोडते ती मोडतेच, वर पहाटे फ्रीज लो-व्होल्टेजला बंद. म्हणून १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) नक्की केलंय. जनरेटर नको.

अडलंय पॅनलवर. २०० वॅटचं एक गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर बसवलं तर गाडी उन्हातच ठेवावी लागते आणि तापते. १०० वॅटची घडीची दोन घेतली तर उन्हामागे सरकवता येतील. पण झाडांची सावली बहुतेक वेळा एकावरच पडते, मग जोडणी सिरीज करू की पॅरलल? आणि पाच मीटरला ४ चौरस मिमीची वायर पुरेल का?