सारखाच प्रभार असलेले तंतू जुडीत राहतात कसे?

वेंगुर्लेकरीण: एमएस्सीला पेशीशास्त्र घेतलंय. सर म्हणाले, पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाच्या, म्हणजे अ‍ॅक्टिनच्या तंतूंवर ऋण प्रभार असतो. पुढच्याच तासाला कळलं की आतड्याच्या पेशींवरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांत, म्हणजे मायक्रोव्हिलायमध्ये, हेच तंतू वीस-तीसच्या जुडीने ताठ उभे असतात. त्यांनी एकमेकांना ढकलायला नको? आमच्याकडे काथ्याचा सुंभ वळतात, तसा यांना पीळ बसतो का?

रत्नांग्रीकर: फॅसिन, फिम्ब्रिन, अल्फा-अ‍ॅक्टिनिन ही जुडी बांधणारी प्रथिनं वाच. उत्तर तिथेच आहे. परीक्षेला पाच मार्कांना येतं.

मालवणी मास्तर: बाय, प्रश्न बरो इचारलंस. पाच मार्कांत मावणारा नाही.

सुंभ आधी डोक्यातून काढ. काथ्याचे धागे एकमेकांभोवती फिरून घर्षणाने धरून राहतात. अ‍ॅक्टिनचा तंतू स्वतः पीळदार, जाडी जेमतेम 7 नॅनोमीटर. पण शेजाऱ्याला तो वेढा घालत नाही. जुडीत सगळे समांतर, मधे प्रथिनांचे आडवे पूल.

प्रभाराचं म्हणशील तर भोवतालचे धन आयन तो बराचसा झाकतात. परीक्षानळीत मॅग्नेशियम भरपूर वाढवलं, तर एकही पूल नसताना जुड्या पडतात. पोटॅशियमचा आयन एकाच प्रभाराचा, त्याला हे साधत नाही. पेशीत मात्र एवढं मोकळं मॅग्नेशियम नसतं, म्हणून पूल हवेत.

खरी गंमत पुलाच्या लांबीत. फॅसिन आखूड, त्यामुळे एका तंतूच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर 8 नॅनोमीटरच्या आसपास. तंतू ओढणाऱ्या मायोसिन प्रथिनाला आत शिरायला जागाच नाही. अशी कडक जुडी पेशीच्या कडेवरून बोटांसारख्या बाहेर येणाऱ्या फिलोपोडियात सापडते. अल्फा-अ‍ॅक्टिनिन लांब, अंतर 35 च्या घरात. मायोसिन आत घुसतो आणि जुडी आकुंचन पावते. दोन्ही प्रथिनं एकाच नळीत घातली तर ती एकाच जुडीवर आपापले पट्टे वेगळे धरतात. कोणी वाटून द्यावं लागत नाही!

वेंगुर्लेकरीण: मास्तर, मग जुडी जाड होतच का जात नाही?

मालवणी मास्तर: तंतूंच्या पिळामुळे. पूल नीट बसायला प्रत्येक तंतूला आपला पीळ किंचित मोडावा लागतो, जुडी वाढेल तसा ताणही वाढतो. नुसतं फॅसिन असेल तर परीक्षानळीत विसेक तंतूंवर गाडी अडते. कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींत शेकडो तंतूंच्या जुड्या आहेत, पण तिथे एस्पिनसारखी आणखी प्रथिनं कामाला असतात. एस्पिन बिघडलेले उंदीर बहिरे होतात.