मदत हवी आहे: कौलारू घर, पलीकडे काकीची खोली आणि 25 हजारांतला सबवूफर

नमस्कार मंडळी,

सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, पुढे नुसता 'सब') घ्यायचा आहे. बजेट 25,000, फारच पटलं तर 28,000. दोन महिने वाचतोय, व्हिडिओ बघतोय, आणि गोंधळ वाढतच चाललाय, कारण सगळे सल्ले स्लॅबच्या फ्लॅटमधल्या हॉलसाठी असतात. माझं घर तसं नाही. म्हणून आधी घर सांगतो, मग प्रश्न.

फोंडा तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली लाल सिमेंटची जमीन. वाटण्या झाल्या तेव्हा घराचे दोन भाग झाले. पलीकडच्या भागात काका-काकी. काका गेल्यापासून काकी एकटीच असते, वय 78. आमच्या टीव्हीमागची भिंत आणि तिच्या निजायच्या खोलीची भिंत एकच. भिंत जाड आहे, आमचं बोलणं पलीकडे जात नाही. पण सब ती भिंत मानत नाही, आणि माझा सगळा प्रश्न तिथेच आहे.

खोली 14 बाय 11 फूट. छप्पर उतरतं, एका बाजूला 9 फूट, आढ्याकडे 13. खाली छत नाही, वासे, रिपा आणि कौलं थेट दिसतात. टीव्ही लांबीच्या एका टोकाला, सोफा दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून दीड फूट पुढे. यामाहाचा आरएक्स-व्ही385 रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर आहे. पुढे 5 इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, एक सेंटर, मागे दोन लहान. आवाज स्वच्छ आहे, पण खालचा सूर आला की पोकळी जाणवते.

आधी एका तयार संचातला सब होता. सात पावसाळे त्याने काढले. आठव्या वर्षी भरभर असा आवाज यायला लागला म्हणून जाळी काढली, तर कोनच्या कडेचा फोम बोट लावल्याबरोबर चहात भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. मागच्या भोकात पालीची दोन अंडी होती. दुरुस्तीला दिला, तर चार महिने दुकानात पडून राहिला आणि 'पार्ट मिळत नाही' म्हणून तसाच परत आला. त्यामुळे या वेळी आपल्या हवेत टिकेल असंच काहीतरी घ्यायचं आहे.

आता ऐकायचं काय, ते. सिनेमे आहेतच, शनिवारी रात्री पोरं असतात. पण माझ्यासाठी खरं कारण वेगळं. बाबा पखवाज वाजवायचे. देवळातल्या सप्ताहात केलेली त्यांची दोन तासांची रेकॉर्डिंगं माझ्याकडे आहेत, शिवाय गेल्या काही चवथींच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे मडक्यावर कातडं ताणलेल्या घुमट या वाद्यावरच्या आरत्या. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडावर पंजा पडतो तेव्हा जो भरीव आवाज येतो, तो या बुकशेल्फवर 'टप' असा ऐकू येतो. तो मला खोलीत परत हवा आहे.

गेल्या रविवारी मित्राने म्हापशाहून आपला 12 इंची, पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक असलेला सब गाडीत घालून आणला. टीव्हीशेजारी ठेवला आणि बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या थापेला मी मान वर केली, इतका तो आवाज ओळखीचा होता. मग फोनवरून 30 ते 100 हर्ट्झपर्यंत एकेक सूर वाजवून बघितला. 41-42 ला सोफ्यावर आवाज नको इतका फुगत होता, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं की तोच सूर जवळजवळ नाहीसा. हिशेब जुळतो: 14 फूट म्हणजे 4.27 मीटर, आपल्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 349 मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की 41 येतात. 34 च्या आसपास डोक्यावरची दोन-तीन कौलं एकमेकांवर किणकिणायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी विहिरीवर भेटली. म्हणाली, ''काल सांजचं भिंतीत कुणीतरी कांडतंय असं वाटलं रे. फडताळावरचे डबे वाजत होते. तुमच्याकडे सगळं बरं आहे ना?'' तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, काळजीच होती. तेव्हापासून मी कुठल्याच सबच्या पानावर 'विकत घ्या' दाबू शकलेलो नाही.

तर या बजेटात, या खोलीत 10 इंची घ्यावा की 12 इंची? बंद पेटीचा की पोर्टचा? ठेवावा कुठे? आणि काकीची झोप न मोडता हे जमेल का, की नाद सोडून द्यावा? 'नाही जमणार' असं उत्तर असेल तर तेही सांगा, मनापासून चालेल.

प्रतिसाद 1

सरळ 12 इंची पोर्टवाला घ्या. 10 इंची घेऊन वर्षभरात विकलेले तीन जण मला माहीत आहेत. सिनेमाला खालचा धक्का नसेल तर सब घेऊन उपयोग काय? आवाज कमी ठेवायचा असेल तर बटण आहेच. वॉट बघताना मात्र आरएमएस (सतत मिळणारी ताकद) बघा, पीएमपीओचे (क्षणभराचे, फुगवलेले) आकडे वाचूच नका.

धागाकर्ता

धन्यवाद. पण मित्राचा 12 इंचीच होता आणि बटण अर्ध्याच्याही खाली होतं, तरी पलीकडे डबे वाजले.

प्रतिसाद 2

सबखाली रबराचे जाड पॅड घाला. जमिनीतून जाणारी थरथर बरीच कमी होते. लाल सिमेंटच्या जमिनीवर तर घालाच, नाहीतर पेटी सरकतेसुद्धा.

प्रतिसाद 3

मी मडगावची, फ्लॅटमध्ये राहते. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं तेव्हा अगदी याच विवंचनेत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पॅडने जमिनीतून जाणारा कंप कमी होतो हे खरं, पण हवेतून भिंतीवर आदळणारा 40 हर्ट्झचा सूर त्याने अडत नाही. चिऱ्याची भिंत बोलणं अडवते, हा सूर नाही. आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: डेसिबलच्या आकड्यावर विसंबू नका. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल ही कायद्यातली मर्यादा 'ए' मापाने मोजतात, आणि त्या मापात 40 हर्ट्झचा सूर जवळजवळ 35 डेसिबलने कमी धरला जातो. फोनवरचं अॅप हिरवा रंग दाखवेल आणि तुमच्या काकी मात्र जाग्याच असतील.

मग करायचं काय? तुमचा सब टीव्हीशेजारी होता. म्हणजे सामाईक भिंतीला चिकटून आणि तुमच्या कानांपासून दहा-अकरा फुटांवर. ही जागा उलट करा. सोफ्याच्या मागे किंवा अगदी बगलेला ठेवा, कानापासून दोन-तीन फुटांवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबल पडतो. बंद खोलीत खालच्या सुरांचा हिशेब इतका सरळ नसतो, पण जवळ बसलं की थोड्या आवाजात पोट भरतं एवढं नक्की. माझं बटण या एका बदलाने निम्म्यावर आलं. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे तो मागून आला तरी चित्र बिघडत नाही. फक्त क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराच्या खालचं सगळं सबकडे जातं ती हद्द, 80 च्या वर नेऊ नका, नाहीतर माणसाचा खर्जातला आवाज पाठीमागून यायला लागेल.

आता पोर्ट की बंद पेटी. तुम्ही घुमटवाल्या गावचे, तुम्हाला हे सांगणं सोपं आहे. घुमटाच्या मोठ्या तोंडावर कातडं, दुसरं लहान तोंड उघडं. वाजवणारा त्या उघड्या तोंडावर हात ठेवतो-काढतो आणि आवाज घुमतो, दबतो. पोर्टचा सब म्हणजे तोंड उघडं ठेवलेलं घुमट. मडक्यातली हवा आणि त्या तोंडातली हवा मिळून एका ठरावीक सुराला जोर देतात. पेटी तेवढ्याच आकाराची असली तरी त्या सुराजवळ आवाज मोठा मिळतो. त्याच्या खाली मात्र तो झपाट्याने कोसळतो, दर सप्तकाला 24 डेसिबल. बंद पेटीत जोर कमी, पण उतार 12 चा, म्हणजे सावकाश. पखवाजाची थाप जिथे सुरू होते आणि जिथे थांबते ते बंद पेटीत जास्त नीट कळतं, असं माझ्या कानांचं मत.

अडचण अशी की या बजेटात मिळणारे बहुतेक सगळे पोर्टचेच. एसव्हीएसचा एसबी-1000 बंद पेटीचा आहे, 12 इंची, 300 वॉट, फार सुरेख, पण तो तुमच्या आकड्यात बसणार नाही. पोल्कचा पीएसडब्ल्यू10 बघा. 10 इंची, सतत 50 वॉट, पोर्ट पुढे. 50 ऐकून नाक मुरडू नका. वॉट दुप्पट केले तरी फरक 3 डेसिबलचाच पडतो, आणि तुम्ही दोन फुटांवर बसणार आहात. क्लिप्श, यामाहा, सोनोडाइनमध्येही 10 इंची सापडतील. कुठलाही घेतलात तरी पोर्टमध्ये गुंडाळलेला कपडा किंवा फोम घट्ट बसवा. घुमटाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल. पालीचाही प्रश्न सुटेल.

धागाकर्ता

ताई, घुमटाचं वाचून मी उठून चवथीचं घुमट आणलं, तोंडावर हात ठेवून-काढून बघितलं. इतकी वर्षं आरतीत वाजवतोय, पण पोर्ट म्हणजे हेच, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मित्राला परत सब आणायला सांगतो आणि करून बघतो.

प्रतिसाद 4

टिकाऊपणाबद्दल. फोमची कडा दमट हवेत कुजतेच, त्यात कंपनीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. रबरी कडेचा घ्या. जाळी काढून बोटाने हलकं दाबून बघितलं की कळतं. पेटी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असते, पाणी प्यायली की फुगते, म्हणून पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, केबल टीव्हीची वायरही काढा. सब लावल्यावर सतत घुं असा आवाज आला तर आधी ती केबलचीच वायर काढून बघा, बरेचदा 50 हर्ट्झची गुणगुण तिथूनच येते. अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी तोडू नका. जुन्या घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून आधी तपासून घ्या.

धागाकर्ता

काल केलं. सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो.

सब सोफ्याच्या उजव्या बगलेला ठेवला, खाली रबराचे पॅड. पोर्टमध्ये बाबांचा जुना पंचा गुंडाळून घट्ट बसवला. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचे खालचे सूर सबकडे), क्रॉसओव्हर 80. सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर, म्हणजे दोन-दोन गाळण्या नकोत. 80 चा सूर लावून फेजचं बटण (सबचा आवाज बाकी स्पीकरांशी जुळवणारं) 0 आणि 180 वर फिरवून बघितलं. 180 ला सोफ्यावर आवाज भरला, तिथेच ठेवलं. मग रिसीव्हरचा माइक सोफ्यावर ठेवून पातळी आणि अंतर बसवून घेतलं.

बायकोला काकीकडे पाठवलं. दोघी काकीच्या खाटेवर बसल्या, फोन चालू ठेवला. मी आधी पखवाज लावला. काकी म्हणाली, ''काहीच नाही रे.'' मग पोरांचा मारामारीचा सिनेमा, नेहमीच्या आवाजात. दोनदा म्हणाली, ''आता आला, लांबून आल्यासारखा.'' डबे वाजले नाहीत. रिसीव्हरमधली डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक) कमी करून तोच भाग परत लावला, तेव्हा तिला काहीच कळलं नाही. रात्री दहानंतर ती सेटिंग कायम. 41 चा फुगवटा सोफ्यावर अजून आहे, पण सब कोपऱ्यापासून हातभर पुढे घेतल्यावर सोसण्याइतका झाला. कौलं फक्त एकदा किणकिणली. ती दोन कौलं कुठली ते बघून ठेवलंय, पावसाआधी कौलं चाळायला माणूस येईल तेव्हा नीट बसवून घेईन.

शेवटी काकी स्वतःच आमच्याकडे आली आणि पखवाजाचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकत बसली. मधेच म्हणाली, ''हा हात दादांचाच.''

आता 10 इंची, रबरी कडेचा, पुढे पोर्ट असलेला एवढं नक्की झालंय, पोल्कचा यादीत पहिला आहे. एकच मदत हवी आहे. नुसते आकडे वाचून घ्यायचं धाडस होत नाही. फोंडा, मडगाव, पणजी, कुठेही कुणाकडे असा सब असेल आणि अर्धा तास ऐकू देणार असाल, तर इथे कळवा. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन येईन. पंचाही आणीन.