‘ड्रायव्हर्स लायसन्स’चा ब्रिज उठत नाही
प्रश्न: ऑलिव्हिया रॉड्रिगोचं २०२१चं हे गाणं पियानोवर बसवतोय. ब्रिजला, म्हणजे गाण्याच्या उत्तरार्धातल्या वेगळ्या चालीच्या भागाला, जोरच येत नाही. काय चुकतंय?

उत्तर १: सुरुवातच मोठ्याने होत असणार. मूळ गाणं गाडीच्या टिंग-टिंगने सुरू होतं, मग तोच ठोका पियानो उचलतो. पहिलं कडवं कुजबुजत गा, माइकपासून चार बोटांवर.

उत्तर २: ब्रिजला एक आवाज पुरत नाही. ओळी चार वेळा वेगळ्या गाऊन रेकॉर्ड करा, दोन डाव्या स्पीकरला, दोन उजव्या. एकच टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी केला तर थर बनत नाही, नुसता आवाज वाढतो.

उत्तर ३: वयाने मोठ्या मुलीशी स्वतःची तुलना करणारी ओळ मात्र रडवेली करू नका. सरळ बोलल्यासारखी म्हणा, तरच तो न्यूनगंड पोचतो. तिथला श्वास एडिटमध्ये कापू नका!