नवऱ्याने लिहून दिलं होतं, "घर तुझंच". आता त्या कागदाचं काय?

प्रश्न:
सहा महिन्यांपूर्वी हे गेले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर. माझे दागिने मोडून कर्ज फेडलं, त्या रात्री त्यांनी वहीच्या पानावर लिहिलं, "माझ्यानंतर हे घर पूर्ण तुझं." खाली सही, तारीख. साक्षीदार कोणी नाही. पान पासबुकात घडी करून ठेवलंय, घडीवर शाई फिकट झालीय. त्यांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा आता निम्मं मागतोय. मुलावर राग नाही हो, पण माझे दागिने गेले त्याचं काय?

उत्तर १:
ताई, मृत्युपत्र म्हणून हे टिकणार नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलं आणि मृताची आई हयात असल्यास ती, सगळ्यांना सारखा वाटा. मुलगा पहिल्या लग्नाचा असला तरी.

उत्तर २:
पण दागिन्यांचा मुद्दा सोडू नका! नुसत्या प्रेमापोटी दिलेलं वचन नोंदणीशिवाय करार ठरत नाही (करार कायदा १८७२, कलम २५). तुम्ही मात्र मोबदला दिलाय. सोनाराची पावती, कर्जखात्यात पैसे भरल्याची नोंद शोधा. मूळ पान वकिलाला दाखवा, पण हातातून सोडू नका. आणि तोवर कशावरही सही करू नका.

प्रश्नकर्ती:
पावती सापडली! तारीख पानावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाची आहे. उद्याच वकिलांकडे जाते.